तयारी करून येऊ नये

"मार्क किती आहेत त्याला?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा, मार्कांचं काय मध्येच?"

"अगं, सांग तर खरं."

"चाळीस," बारकी म्हणाली. "आणि प्रकल्प झाला नाही तर तिसरं वर्षच पूर्ण होत नाही. पण ती काळजी माझी. तुम्ही तिघांनी सोमवारी फक्त यायचं, एक चष्मा घालायचा आणि समोरच्या फळ्यावर काढलेल्या गोलाला चेंडू मारायचा. मग चष्मा काढून पुन्हा मारायचा. संपलं."

"आणि नाही लागला तर?"

"तर तो गोलापासून किती लांब पडला ते मी मोजणार. आणि हे बघा, तयारीबियारी काही करायची नाही. जसे आहात तसे या."

जसे आहात तसे या! मास्तर मनातल्या मनात हसले. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लायसन्सच्या परीक्षेचा साहेबही शेजारी बसताना असाच गोड बोलतो, "घाबरू नका, रोज चालवता तशीच चालवा," आणि पहिल्या वळणावर बिचाऱ्याला नापास करून मोकळा होतो. म्हणून मास्तर आपल्या माणसाला परीक्षेच्या रस्त्यावरून इतक्या वेळा फिरवून आणत की त्याला तिथला खड्डा न् खड्डा पाठ व्हायचा. तयारीशिवाय परीक्षेला बसणं म्हणजे त्यांच्या लेखी चप्पल न घालता घराबाहेर पडण्यासारखं होतं.

बारकी मेंदूविज्ञान शिकत होती. घरात सगळे तिला बारकी म्हणत, आता ती मास्तरांपेक्षा दोन बोटं उंच झाली असली तरी. तिने हा विषय घेतला तेव्हा आत्याने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, तिची उलटतपासणी घेतली होती.

"म्हणजे शेवटी डॉक्टर का?"

"नाही गं आत्या."

"मग मेंदू नुसता बघायचा?"

"हो."

"आणि बघून झाल्यावर?"

यावर बारकीने जे सांगितलं ते अर्धा तास चाललं आणि कुणाला काही कळलं नाही. पण सांगताना तिचे डोळे असे काही चमकत होते की विषय चांगलाच असणार, यावर घराचं एकमत झालं. तेव्हापासून फ्रिजवर प्लॅस्टिकचा एक मेंदू येऊन बसला. त्याचे भाग सुटे व्हायचे. आई दर आठवड्याला ते पुसून पुन्हा जोडायची, आणि दर वेळी एक भाग उरायचा. तो ती चमच्यांच्या खणात ठेवायची. "एवढ्याने काही अडत नाही," असं तिचं मत होतं.

आता तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आला होता. त्यासाठी वयाने पिकलेली माणसं हवी होती, आणि सुरुवात घरापासून करायची असं बारकीने ठरवलं होतं. प्रयोगाच्या चष्म्याचा मागचा पट्टा सैल झाला होता. तो शिवून घ्यायला मॅडमची परवानगी काढून तिने चष्मा घरी आणला, आईच्या हवाली केला आणि शनिवारी सकाळी ती फळा लावायला कॉलेजात निघून गेली. उरलेलं घर आणि तो चष्मा असे समोरासमोर राहिले.

आईने पट्टा शिवला. मग, बसतोय का ते बघायला हवं, म्हणून तो डोळ्यांवर चढवला. त्याच्या काचा लोलकाच्या होत्या, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळत्या.

"अहो, तो डबा द्या जरा इकडे," आई म्हणाली आणि डबा घ्यायला तिने हात पुढे केला. हात डब्याच्या चांगला वीतभर डावीकडे गेला आणि मास्तरांच्या खिशात शिरला.

"हे काय चाललंय?"

"अगं बाई! सगळं सरकलंय हो डावीकडे!"

मास्तरांनी चष्मा घालून पाहिला. खरंच, सगळं घर डावीकडे सरकलं होतं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करायला गेले तर बोट खिडकीकडे गेलं. त्यांनी चष्मा काढला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"हा असला चष्मा घालून नेम धरायचा?" ते म्हणाले. "एक चेंडू लागायचा नाही आपला. पोरीचे चाळीस मार्क गेले म्हणून समज."

"आणि वर्षही," आई म्हणाली.

"पण ती म्हणाली ना, तयारी करू नका म्हणून?" आत्याने आठवण करून दिली.

"ती तसंच म्हणणार, ताई. आईबापाला त्रास नको म्हणून म्हणते. मनातून तिला काय वाटत असेल ते मला विचार. चला मागे अंगणात."

मागच्या अंगणाच्या भिंतीवर मास्तरांनी खडूने गोल काढला. चेंडू नव्हते म्हणून मोज्यांचे गोळे केले. आत्या पंच म्हणून भिंतीजवळ डाव्या अंगाला उभी राहिली, आणि हीच तिची चूक झाली. मास्तरांचा पहिला मोजा पाण्याच्या पिंपात पडला. तो पिळून आईने मारला, तो थेट पंचाच्या कानशिलावर बसला.

"अगं, गोल तिकडे आहे!"

"मी गोलातच मारला की, वन्सं!"

पण मास्तर हाडाचे शिक्षक. कमरेवर हात ठेवून ते मागे उभे राहिले आणि तोच आवाज लावला, जो एरवी गाडीत लावत. "घाई नाही. श्वास घ्या. डावीकडे जातंय ना? मग उजवीकडे मारा. अजून उजवीकडे. हां, आत्ता कसं! पुन्हा."

आणि गंमत अशी, की थोड्या वेळाने मोजे भिंतीवरच्या गोलात पडू लागले. आधी काठावर, मग मधोमध. शेवटी आत्या तर बोलता बोलता मारायची आणि बरोबर लागायचे. तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. चाळीस मार्क खिशात आले होते.

आई चहा करायला आत गेली. कपात चहा ओतायला लागली आणि सगळा चहा कपाच्या उजवीकडे, पेपरवर. तिकडे आत्या आपल्या खोलीचं कुलूप उघडत होती, तर किल्ली कुलपाच्या उजवीकडे लाकडावर टकटक करत होती. "कुणी कुलूप हलवलं का रे?" ती ओरडली.

मास्तरांना हे कळायच्या आत दारात शिकवणीची वेळ झालेल्या बाई उभ्या राहिल्या. साठीला टेकलेल्या या बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, पण गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या, आणि मास्तर जे सांगतील ते अक्षरशः पाळायचं असा त्यांनी आता पण केला होता. मास्तर शेजारी बसले. गाडी छान निघाली. रोपांच्या दुकानापाशी रस्ता जरा वळत होता.

"तो खांब दिसतोय ना?" मास्तरांनी नेहमीसारखं बोट दाखवलं. "डोळे मिटून माझ्या बोटाच्या रेषेत... म्हणजे डोळे उघडे ठेवून हो, पण माझ्या बोटाच्या रेषेत चला."

बाई बोटाच्या रेषेत गेल्या. बोट खांबाच्या चांगलं उजवीकडे होतं. तिथे कुंड्या होत्या. मास्तरांच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो, तो त्यांनी कचकन दाबला तेव्हा एक कुंडी आडवी झाली होती आणि दुसरी गाडीच्या नाकाला टेकली होती. मास्तरांचा हात बिघडला होता, पाय मात्र शाबूत होते.

"तुम्हीच बोट दाखवलंत!" बाई म्हणाल्या.

आजवर हे वाक्य मास्तरांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. ते खरं निघण्याची ही पहिलीच वेळ होती. ते खाली उतरले आणि कुंडी उभी करू लागले. तीही त्यांनी उजवीकडेच ठेवली.

घरी येऊन पाहतात तर आई रडकुंडीला आली होती. "डोळे गेले हो आपले! त्या चष्म्याने गेले!"

"डोळे कुठले जातायत," आत्या म्हणाली. एव्हाना तिची किल्ली कुलपात गेली होती आणि तिला धीर आला होता. "हे त्या चष्म्याचं माप हातात बसलंय. थोडी कामं केली की उतरतं. माझं उतरलं बघ."

मास्तर विचारात पडले. चष्मा काढूनही चेंडू मारायचा आहे, हे बारकी म्हणाली होती. म्हणजे तिथे चष्मा लावून नेम बरोबर, आणि काढल्यावर सगळे उजवीकडे. अर्धे मार्क तिथेच जाणार! रविवारी बारकी कॉलेजात गेली रे गेली, तोच त्यांनी दोघींना पुन्हा अंगणात उभं केलं, आणि क्लच-गिअर शिकवतात तसं शिकवलं.

"चष्मा घाला. मारा. काढा. मारा. घाला. मारा. अगं, काढल्यावर मागचं विसरायचं! गिअर बदलला आता!"

आधी सगळा घोटाळा झाला. मग हळूहळू जमलं. दुपारपर्यंत अशी वेळ आली की चष्मा असो वा नसो, मोजा गोलातच. तिघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. संध्याकाळी बारकीला चष्मा परत मिळाला, पट्टा घट्ट शिवलेला, काचा लख्ख पुसलेल्या.

"काही त्रास नाही ना झाला शिवायला?" तिने विचारलं.

"छे गं," आई म्हणाली आणि खांदा चोळत आत गेली.

सोमवारी तिघं कडक इस्त्रीच्या कपड्यांत प्रयोगशाळेत पोचले. खोली लहानशी होती. समोरच्या भिंतीवर फळा, त्यावर गोल, जमिनीवर उभं राहायची रेघ. बारकीने पांढरा कोट घातला होता. मास्तरांना तिच्याकडे बघून इतकं भरून आलं की त्यांनी उगाच खोकून घेतलं.

आईने चष्मा घातला आणि पहिला चेंडू मारला. गोलाच्या मधोमध.

बारकीने डोळे बारीक केले. "आई, पुन्हा मार."

मधोमध. पुन्हा मधोमध. मग आत्या. मग मास्तर स्वतः, आणि त्यांनी तर शेवटचा चेंडू जरा वळवून, डौलात मारला. चष्मा काढून मारले, तरीही मधोमध. बारकीचा चेहरा लाल झाला. पोरीला आनंद झेपत नाहीये, मास्तर समजले. त्यांनी हळूच तिला डोळा मारला.

ती आकडे घेऊन शेजारच्या खोलीत मॅडमकडे गेली. मॅडम चणीने लहान, पण त्यांच्या पावलांचा आवाज आला की सबंध मजला गप्प व्हायचा. त्या तरातरा बाहेर आल्या, तिघांकडून पुन्हा एकेक चेंडू मारून घेतला आणि मग चष्मा स्वतः चढवून मारला. त्यांचा चेंडू सरळ डावीकडे गेला.

"म्हणजे चष्मा ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. "ही माणसं पढवून आणलीस तू. पट्टा शिवायला म्हणून चष्मा नेलास आणि घरी सराव करून घेतलास."

"नाही मॅडम! मी उलट सांगितलं होतं की..."

"मग हे काय आहे? पहिल्या फटक्यात कुणाचा मेंदू असं करत नाही. आकडे इतके गोड लागले की मला शंका येते. असला प्रकल्प मी पुढे पाठवणार नाही."

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळे चेंडू लागले होते. मग पोरगी रडतेय कशाला?

"मॅडम," मास्तर पुढे झाले, "काय चुकलं आमचं? एकही बाहेर नाही गेला."

"तेच तर चुकलं!" बारकी उसळली. "बाबा, तुम्ही चुकायला हवं होतं! आधी डावीकडे चुकायचं, मग हळूहळू सुधारायचं, चष्मा काढला की उजवीकडे चुकायचं. डोक्याच्या मागे खाली लहान मेंदू असतो, तो प्रत्येक चुकीवरून हाताला शिकवतो. तेच मला मोजायचं होतं. तुम्ही चुकलाच नाहीत तर मी मोजू काय? शून्य?"

आईने पदर तोंडाला लावला. आत्या छताकडे बघायला लागली.

कुणी चुकावं म्हणून त्याला परीक्षेला बसवतात, हे मास्तरांनी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि आपण शिकवलं, जीव तोडून शिकवलं, म्हणून आपल्याच लेकीचं वर्ष बुडतंय? त्यांनी टोपी काढली.

"मॅडम, तिला यातलं काही ठाऊक नाही. हिने बजावून सांगितलं होतं तयारी करू नका म्हणून. मीच अंगणात गोल काढला. या दोघींना मीच उभं केलं. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण पोरीला खोटी म्हणू नका. ती एक वेळ नापास होईल, खोटं करायची नाही."

"मला कानशिलावर मोजा बसला, तो खराच बसला," आत्या म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, पण साक्ष द्यायला हवी असं तिला वाटलं.

मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या. "चष्मा काढल्यावर घरी काय झालं?"

आईने चहाचं सांगितलं. आत्याने किल्लीचं. मास्तरांनी कुंड्यांचं, मान खाली घालून. मॅडमचा चेहरा कडकच होता, पण कुंडी उभी करताना तीही उजवीकडे ठेवली, हे ऐकल्यावर त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"हे बघा," शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही तिघं या प्रकल्पातून बाद. तिला दुसरी माणसं हवीत, याच वयाची, याच आठवड्यात. आहेत?"

"आहेत की!" मास्तर उभेच राहिले. "माझे शिकाऊ लोक. रिटायर झालेले, नातवंडंवाले, सगळे. बुधवारी गाडीतून घेऊन येतो."

"आणि त्यांना काय शिकवाल?"

"काही नाही."

"एक शब्दही नाही. आणि तुम्ही दाराबाहेर बसायचं."

परत आल्यावर घराच्या पायरीवर बारकीने वडिलांचा हात धरला. "बाबा, का केलंत हो असं?"

"आजवर कुणालाही मी तयारीविना परीक्षेला पाठवलं नाही," मास्तर म्हणाले. "आणि परीक्षा तुझी म्हटल्यावर माझा जीव कसा राहणार, सांग?"

बारकीला हसूही आलं आणि रडूही. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यासाठी तिला जरा वाकावं लागलं.

बुधवारी मास्तरांनी गाडी भरून माणसं नेली. पुढे बँकेतल्या बाई बसल्या होत्या.

"मास्तर, आत काय करायचं असतं?"

मास्तरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. सल्ला जिभेच्या टोकावर आला होता, श्वास घ्या पासून उजवीकडे मारा पर्यंत सगळा. त्यांनी तो आवंढ्यासारखा गिळला. "काही नाही. जा आणि बिनधास्त चुका."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" बाईंनी काळजीने विचारलं.

सगळ्यांत आधी बाईच आत गेल्या. मास्तर बाहेर बाकावर बसले, शेजारी आई आणि आत्या. दार बंद झालं. थोड्या वेळाने आतून ढण्ण असा आवाज आला. फळ्याच्या डावीकडे लोखंडी कपाट होतं, चेंडू त्यावर गेला होता. सवयीने मास्तरांचा पाय जमिनीत ब्रेक शोधायला लागला. पुन्हा ढण्ण. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अरे, चांगलं आहे ते," आत्याने कोपर मारलं. "चुकतायत त्या."

"हो का? हो की! अजून चुकू दे, देवा."

मग आवाज मऊ झाला. चेंडू फळ्यावर लागत होते. मास्तर घाबरे झाले. "हे काय, लागायला लागले गं!"

"लागायचेच आता, अहो," आई म्हणाली. तिने बारकीकडून सगळं नीट समजून घेतलं होतं. "आता चष्मा काढतील, मग बघा."

क्षणभर काही ऐकू आलं नाही. आणि मग फळ्याच्या उजवीकडचं दार, ज्याच्याबाहेर ते बसले होते, धाडकन वाजलं. चेंडू दारावर बसला होता. मास्तर ताडकन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "शाब्बास! काय चुकलात, बाई! वा! उभ्या जन्मात असं सुंदर चुकलेलं ऐकलं नाही!"

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, आणि त्यांच्या मागून बारकीचा चेहरा डोकावला, आनंदाने नुसता फुललेला. "बाबा, अगदी हवं तसं आलं! अगदी तसंच!"

मॅडम आज चक्क हसत होत्या. "या की मास्तर, आत बसा. बघा तरी लेकीचं काम."

आत रेघेवर पुढचे आजोबा चष्मा घालून उभे होते. हात वर, खांदा ताठ, कोपर भलतीकडेच. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"नको मॅडम," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. "आत आलो तर मी त्यांना शिकवीन."